विश्लेषण : प्रेमगीत आणि प्रार्थना एकाच वेळी! कोण होते गियोम द माशो?

चौदाव्या शतकातील फ्रेंच कवी-संगीतकार गियोम द माशो चर्चमध्ये पदावर होते आणि प्रेमगीतेही लिहीत होते. यात विसंगती वाटत असेल, तर त्यांच्या अनेक रचनांत या दोन्ही गोष्टी अक्षरशः एकाच क्षणी गायल्या जातात, हे लक्षात घ्यायला हवे.

राजाचे सचिव ते रीम्सचे कॅथेड्रल

माशो यांचा जन्म साधारण १३०० चा. तरुणपणी ते बोहेमियाचे राजे जॉन ऑफ लक्झेम्बर्ग यांचे सचिव झाले आणि त्यांच्यासोबत युरोपभर फिरले. १३३० च्या दशकात त्यांना रीम्स कॅथेड्रलमध्ये पद मिळाले. दृष्टी गमावलेले राजे जॉन १३४६ मध्ये क्रेसीच्या लढाईत मारले गेले. पाठोपाठ प्लेग आला. त्या काळात आपण घरात कोंडून घेतल्याचे माशो यांनी एका दीर्घ कवितेत सांगितले आहे. त्याच कवितेत ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवाही त्यांनी खरी मानून लिहिली. ही बाजू झाकण्याचे कारण नाही.

एकाच वेळी वेगवेगळे शब्द कसे?

आपल्या शास्त्रीय गायनात साधारणपणे एकच सुरावट पुढे जाते. माशो यांच्या ‘मोटेट’ या प्रकारात बहुतेकदा तीन आवाज असतात. खालचा आवाज चर्चमधील लॅटिन गायनाचा एखादा तुकडा संथपणे धरून ठेवतो. वरचे दोन आवाज त्याच वेळी, बहुधा फ्रेंचमध्ये, प्रेमाचे गाऱ्हाणे मांडतात आणि त्या दोघांचेही शब्द वेगळे असतात. त्यामुळे वेदना भक्ताची की प्रियकराची, हे वेगळे काढणे कठीण होते.

खालच्या आवाजात गणितही आहे. सुरांची एक साखळी आणि लयीची दुसरी, अशा दोन्ही फिरत राहतात, पण अनेकदा त्यांची लांबी वेगळी असते. समजा, एक ६ ची आणि दुसरी ४ ची असेल, तर १२ स्वरांनंतरच दोन्हींची सुरुवात पुन्हा जुळेल. शाळेतला लसावि, दुसरे काय!

धार्मिक संगीतातले त्यांचे मोठे काम म्हणजे चार आवाजांची मिस्सा. मिस्सेतील नेहमीच्या प्रार्थनांचा पूर्ण संच एकाच संगीतकाराने रचल्याचे हे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण. माशो आणि त्यांचे भाऊ जाँ यांच्या स्मरणार्थ ती रीम्समध्ये गायली जात असावी, असे अभ्यासक मानतात.

उतारवयातील प्रेमकथा खरी होती?

साठीच्या आसपास त्यांनी ‘खरी गोष्ट’ अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. एक तरुणी वृद्ध कवीला कविता पाठवते, पत्रव्यवहार सुरू होतो आणि दोघे प्रेमात पडतात. पत्रे, कविता आणि स्वरलेखन त्यात एकत्र आहे. एका पत्रात कवी तिला बजावतो, की गाणे जसे रचले आहे तसेच शिकावे, त्यात काही घालू वा काढू नये. कथा कितपत घडलेली आणि कितपत रचलेली, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण रचनेवरचा हा हक्क मात्र माशो यांच्या स्वभावाला धरून वाटतो. आपले सारे लेखन आणि संगीत एकत्र बांधलेल्या हस्तलिखितांत जपले जावे, याकडे त्यांनी स्वतः लक्ष दिले. त्या काळात हे दुर्मीळ होते. म्हणूनच त्यांचे इतके संगीत आज गाता येते.

१३७७ मध्ये रीम्समध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना गुरुस्थानी मानणारे कवी देशाँ यांनी शोककाव्य लिहिले आणि आंद्रियू या संगीतकाराने ते चार आवाजांत बांधले.