ड्रिलच्या ट्रिगरमागचा माणूस : हॅरी वॉर्ड लिओनार्ड

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेल्या मित्राला विचारा, 'वॉर्ड लिओनार्ड' हे नाव त्याने परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. ऐकून वाटतं, दोन शास्त्रज्ञ असतील. पण हा माणूस एकच!

हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांचा जन्म 1861 चा, अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा. 1883 मध्ये एमआयटीतून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी एडिसनकडे कामाला लागले. कारखान्यांत तेव्हा डीसी मोटर नुकत्या येत होत्या. प्रश्न होता, वेग कमी कसा करायचा? सोपा मार्ग म्हणजे मध्ये रेझिस्टन्स टाकायचा, जुन्या गरम होणाऱ्या फॅन रेग्युलेटरसारखा. यात वीज वाया जाते, ते ठीक. पण वेगही टिकत नाही. लोड आला की मोटर जास्त करंट ओढते, रेझिस्टन्समध्ये जास्त व्होल्टेज खर्ची पडतं, आणि नेमका जोर हवा तेव्हाच मोटर बसते.

लिओनार्ड यांनी 1891 मध्ये वेगळाच उपाय पेटंट केला. करंट अडवायचा नाही, मोटरला मिळणारं व्होल्टेजच बदलायचं. पण डीसीला ट्रान्सफॉर्मर चालत नाही. मग त्यांनी त्या एका मोटरसाठी स्वतंत्र जनरेटर ठेवला, आणि तो फिरवायला आणखी एक मोटर. जनरेटरच्या फील्डमधला छोटासा करंट बदलला की कामाची मोटर हवी तितकी हळू फिरते. फील्ड उलटं केलं की उलटी.

एका कामाला तीन मशीन! खर्च फार, हा आक्षेप खरं तर बरोबरच होता. तरी लिओनार्ड मागे हटले नाहीत. लिफ्ट, खाणीतले पाळणे, युद्धनौकांच्या तोफा, मोठे प्लेनर, जिथे वेगावर पक्का ताबा हवा तिथे लोकांनी हा खर्च केला.

1915 मध्ये, 54 व्या वर्षी ते गेले. ती दोन जास्तीची मशीन हटवणारा थायरिस्टर त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आला.

आज कॉर्डलेस ड्रिलच्या ट्रिगरमागचं सर्किट बॅटरीची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं, म्हणजे मोटरला सरासरी व्होल्टेज कमी मिळतं. वायरवाल्या ड्रिलमध्ये ट्रायॅक एसीच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापतो. कल्पना तीच, फक्त बोटाखाली मावणारी.

आणि हो, बेंच ग्राइंडरला हा डिमर लावू नका. त्यात बहुतेक इंडक्शन मोटर असते. तिचा वेग सप्लायच्या 50 हर्ट्झशी बांधलेला, त्यामुळे व्होल्टेज कमी केलं तर ती नुसती तापते.