दोन भाषांमधले विदर्भकेसरी
१९०३ साली वऱ्हाड प्रांत मध्य प्रांताला जोडला गेला आणि एकाच सरकारातल्या हिंदी व मराठीच्या संसारात सामील झाला. त्यातल्या कुरबुरींच्या ऐन मध्यभागी अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी उभे होते. १८९६ मध्ये मारवाडी कुटुंबात जन्मलेल्या बियाणींनी आपले साहित्य हिंदीत लिहिले. अकोल्याहून 'मातृभूमी' हे वृत्तपत्र मात्र मराठीत काढले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे घटना समितीवर गेले आणि रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले.

ऑगस्ट १९४७ च्या अकोला कराराने संयुक्त महाराष्ट्रात विदर्भासाठी उपप्रांत मान्य केला होता. तो कागदावरच राहिला. बियाणींनी स्वतंत्र विदर्भाचा आग्रह धरला. मराठी भाषकांचे एकच राज्य मागणाऱ्यांना हा हिंदी भाषकाचा डाव वाटे. हा संशय फारसा टिकणारा नव्हता, कारण टिळकांचे अनुयायी, यवतमाळचे लोकनायक बापूजी अणेही विदर्भवादीच होते! १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. तरीही १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि हिंदीऐवजी आता गुजराती शेजारी आली. बियाणी १९६८ मध्ये निवर्तले. अमरावतीच्या एका विज्ञान महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.