तांबेऱ्याशीं झुंजणारे सर रोलंड बिफेन

आमच्या खेडोपाडींच्या वाचकांस तांबेरा नवा नाहीं. कोणी त्यास गेरवा म्हणतात. थंडीच्या दिवसांत आभाळ येऊन दंव पडूं लागलें कीं गव्हाच्या पानांवर गंजासारखे ठिपके उमटतात, वावरांतून चालणाऱ्याचें धोतर त्या भुकटीनें रंगतें, आणि ओंबींतील दाणा भरण्यापूर्वींच सुरकुततो. ही भुकटी म्हणजे एका अतिसूक्ष्म बुरशीचें बीं होय. परंतु त्याच वावरांत एका जातीचा गहूं रोगानें बुडावा आणि शेजारच्या जातीच्या पानास डागही लागूं नये, हें कां? ह्या प्रश्नाचा पहिला पक्का धागा ज्यांच्या हातीं लागला त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

रोलंड हॅरी बिफेन ह्यांचा जन्म इंग्लंडांत चेल्टनहॅम येथें ता. 28 मे 1874 रोजीं झाला. केंब्रिज येथील इमॅन्युएल कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. पुढें रबराच्या झाडांचा अभ्यास करण्यासाठीं त्यांनीं ब्राझील, मेक्सिको व वेस्ट इंडीज बेटें पाहिलीं, आणि 1899 सालीं केंब्रिजमध्यें नव्यानेंच निघालेल्या शेतकी खात्यांत ते अध्यापक झाले. इंग्रज शेतकऱ्यास तो काळ कठीण होता. परदेशचा स्वस्त गहूं बंदरोबंदरीं उतरत होता, आणि देशी पिठाचा पाव नीट फुगत नाहीं म्हणून गिरणीवाले नाक मुरडीत. त्यांतच पिवळा तांबेरा पीक खाऊन टाकी.

ब्रून शहरच्या मठांतील मेंडेल नामक साधूनें वाटाण्यावर प्रयोग करून 1866 सालीं प्रसिद्ध केलेले आनुवंशाचे नियम पुष्कळ वर्षें धूळ खात पडले होते. ते 1900 सालीं पुन्हां उजेडांत आले. वाटाण्याचा रंग व रोपाची उंची हीं त्या नियमांनीं चालतात हें लोकांस पटूं लागलें. पण रोगास न जुमानण्याची शक्तिही तशीच चालत असेल काय? जमीन, खत व पाऊसपाणी ह्यांवरच सर्व अवलंबून आहे असें जाणत्यांतही पुष्कळांचें मत होतें.

बिफेन ह्यांनीं तांबेऱ्यास सहज बळी पडणारा मिशिगन ब्राँझ व त्यास दाद न देणारा रिव्हेट ह्या दोन जातींचा संकर केला. पहिल्या पिढीचीं सारीं रोपें तांबेऱ्यानें पिवळीं झालीं! दुसरा कोणी असता तर संकर फुकट गेला असें समजून त्यानें तें बीं कोंबड्यांस टाकलें असतें, असें आम्हांस वाटतें. बिफेन ह्यांनीं तें पुन्हां पेरलें. दुसऱ्या पिढींत सुमारें चारांतील तीन रोपें रोगट निघालीं आणि एक निरोगी. व त्या निरोगी रोपांची संततीही निरोगीच राहिली. जमीन एक, हवा एक, आणि रोगाचा वर्षावही सर्वांवर सारखाच. म्हणजे ती शक्ति पहिल्या पिढींत केवळ दडून राहिली होती. हा वृत्तान्त त्यांनीं 1905 सालीं प्रसिद्ध केला.

केंब्रिजच्याच मॅरियाट नांवाच्या विदुषीनें 1907 सालीं अशा निरोगी गव्हाचीं पानें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलीं. बुरशीचा तंतु तेथेंही पानाच्या श्वासरंध्रांतून आंत शिरतो. पानाचें दार कांहीं बंद नसतें. परंतु तो जेथें पोंचतो तेथील पेशी झटपट मरून जातात. तांबेरा केवळ जिवंत पेशींवर पोसणारा असल्यामुळें मेलेल्या पेशींच्या वेढ्यांत त्याची उपासमार होते. थोड्या पेशी देऊन पान वांचतें. पेशींतील विशिष्ट प्रथिनें शत्रूची खूण ओळखून हा इशारा देतात, हें आतां कळलें आहे.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती शक्ति दरवेळीं अशी दडून राहात नाहीं; पुष्कळ जातींत ती पहिल्याच पिढींत प्रगट होते. शिवाय तांबेऱ्याचे अनेक वंश आहेत आणि नवे निपजत असतात, म्हणून आज टिकणारा गहूं उद्यां बळी पडतो. पिवळ्या तांबेऱ्याविरुद्ध गव्हांतील 80 हून अधिक आनुवंशिक घटकांस आजवर नांवें मिळालीं आहेत, तरी झुंज संपलेली नाहीं.

बिफेन ह्यांस मात्र केवळ नियम शोधून समाधान नव्हतें; त्यांस शेतकऱ्याच्या हातीं बीं द्यावयाचें होतें. भरघोस पिकणारा पण रोगट असा इंग्रजी गहूं आणि घिरका नांवाचा चिवट रशियन गहूं ह्यांपासून त्यांनीं लिटल जॉस ही जात काढिली. ती 1910 सालीं बाहेर पडली व तिची शक्ति कित्येक वर्षें टिकली. 1916 सालचा योमन गहूं चांगल्या पावासाठीं नांवाजला. 1908 सालीं ते प्राध्यापक, 1912 त नव्या पैदास संस्थेचे मुख्य, व 1925 त सर झाले.

पंजाबांतील बेंजामिन पियरी पाल हे तरुण त्यांच्या हाताखालीं केंब्रिज येथें शिकले. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं वर्षानुवर्षें खपून तिन्ही तांबेऱ्यांस तोंड देणारा एन. पी. 809 हा गहूं 1954 सालीं दिला. तो पाहाण्यास गुरु मात्र हयात नव्हते. सर रोलंड 1936 सालीं संस्थेंतून निवृत्त झाले, बागेंत फुलझाडें वाढवीत व चित्रें काढीत राहिले, आणि ता. 12 जुलै 1949 रोजीं केंब्रिज येथें वारले.