नाना फडणीसांचा वाडा: सत्तेचा शेजार

शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, बुधवार पेठेत नानावाडा उभा आहे. पेशव्यांच्या निवासस्थानाचा मोठा भाग १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. त्यांच्या कारभाऱ्याचा वाडा मात्र तगून राहिला. बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस यांच्या आयुष्याचा बराचसा अर्थ या दोन वास्तूंच्या शेजारात सामावलेला आहे.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात झाला. भानू घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. वडिलांच्या निधनानंतर कोवळ्या वयातच फडणिशीची वस्त्रे त्यांच्याकडे आली. १७६१ मध्ये पानिपतच्या संहारातून ते कसेबसे बचावले; आई मात्र त्या धामधुमीत अंतरली. त्यांच्या अपूर्ण आत्मचरित्रात या विलक्षण प्रवासाची हकीकत आहे.

थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत नानांच्या हिशेबी बुद्धीला वाव मिळाला. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यातच नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि सारे चित्र पालटले. भक्कम तट, खिळ्यांचे दरवाजे आणि पहारे असूनही धन्याचे रक्षण झाले नव्हते; घात घरातूनच झाला होता. राघोबादादांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंच्या कारस्थानात नाना अग्रभागी होते. १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांना चाळीस दिवसांचे असतानाच पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि पुढची दोन दशके कारभाराची सूत्रे नानांच्या हाती राहिली.

पेशवाईतील वाड्याची रचना अंतर्मुख असते. रस्त्याकडे जाड भिंत, मोजकीच दारे. आत एकामागून एक चौक, भोवती सोपे आणि माडीवर दिवाणखाना. उजेड आणि वारा येतो तो चौकातून. नानावाड्यातील सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, महिरपी आणि रंगविलेल्या भिंती याच शैलीची साक्ष देतात. बाहेरच्याला आतले काही दिसू नये, आतल्याला मात्र सगळ्याची खबर असावी, हे जणू नानांच्या राजकारणाचेही सूत्र होते. हेरांच्या जाळ्यावर आणि पत्रव्यवहारावर त्यांनी निजाम, हैदर आणि इंग्रज यांना तोलून धरले. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याच्या विजयाने त्यांच्या मुत्सद्देगिरीवर कळस चढला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून खाली कोसळले आणि दोन दिवसांनी निवर्तले. नानांच्या करड्या देखरेखीला तरुण पेशवा विटला होता, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्याच्या रक्षणासाठी इतका बंदोबस्त केला, त्याला तोच असह्य व्हावा, हे या चरित्रातील सर्वांत मोठे शल्य होय. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दौलतराव शिंद्यांनी दग्याने नानांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. सुटकेनंतर ते पुन्हा कारभारात आले. पण पूर्वीचा दरारा उरला नव्हता. १३ मार्च १८०० रोजी त्यांचे निधन झाले.

अनेक विवाह होऊनही त्यांच्यामागे पुत्र नव्हता. कोवळ्या वयाच्या पत्नी जिऊबाई यांना लोहगडाचा आश्रय घ्यावा लागला आणि कालांतराने त्या वाईजवळच्या मेणवली येथील नानांच्या वाड्यात राहिल्या. कृष्णाकाठचा सहा चौकांचा तो वाडा आणि घाट आजही पाहायला मिळतो. तेथे जतन झालेली कागदपत्रे मेणवली दप्तर म्हणून ओळखली जातात व पेशवाईच्या इतिहासाचे ती महत्त्वाचे साधन ठरली आहेत.

पुण्याच्या नानावाड्यात पुढे शाळेचे वर्ग भरले आणि आता महापालिकेकडे त्याच्या जतनाची जबाबदारी आहे. पेठांमधील जुने वाडे एकेक करून पडत असताना या वास्तूचे मोल वाढले आहे. नानांना वारस लाभला नाही. त्यांचा वाडा मात्र साऱ्या पुणेकरांचा वारसा झाला आहे.