खाइम वाइझमन आणि शाळकरी मुलांनी वेचलेल्या बिया

ऊसतोड झाली की आमच्या शाळेमागच्या शेतात पाचट पेटतं आणि वर्गात धूर येतो. यंदा चौथीतल्या एकीने विचारलं, की याचं दुसरं काहीच करता येत नाही का? तेव्हा वर्गाला खाइम वाइझमन यांची गोष्ट सांगितली. इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून ते आपल्याला माहीत असतात, पण मुळात ते रसायनशास्त्र शिकवणारे.

जन्म 1874 चा, आजच्या बेलारूसमधल्या मोतल गावातला. वडील लाकडाचे व्यापारी, भावंडं पंधरा! जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये शिकून 1904 मध्ये ते इंग्लंडला, मँचेस्टर विद्यापीठात आले. तिथे कृत्रिम रबर करायच्या खटपटीत असताना त्यांना एक जिवाणू मिळाला. तो मक्यातला स्टार्च आंबवून अ‍ॅसिटोन, ब्युटेनॉल आणि इथेनॉल देतो, साधारण 3:6:1 या प्रमाणात. (आपलं इडलीचं पीठ आंबतं तसंच, फक्त इथे हवा लागू द्यायची नाही.)

पहिल्या महायुद्धात बिनधुराची दारू बनवायला ब्रिटनला अ‍ॅसिटोन हवं होतं, म्हणून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. पण जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवू लागल्या आणि मक्याची टंचाई झाली. मग 1917 मध्ये सरकारने शाळकरी मुलांना हॉर्स चेस्टनटच्या बिया वेचायला लावल्या. या तपकिरी, चकचकीत बिया माणसं खात नाहीत. तिकडची मुलं त्या दोरीत ओवून एकमेकांच्या बियांवर आपटून फोडायचा खेळ खेळतात. मुलांनी ढीगच्या ढीग जमवले. न्यायला गाड्या मिळेनात, बरेच ढीग रेल्वे स्टेशनांवरच कुजले. किंग्ज लिनच्या कारखान्यात सुमारे 3000 टन पोचले, पण तिथेही काम नीट जमेना. जुलै 1918 मध्ये तो बंद झाला.

मला खटकतं ते वेगळंच. या बिया कशासाठी, हे मुलांना सांगितलंच नव्हतं. शत्रूला कळू नये म्हणून ते गुपित होतं. मोहिमांसाठी आपणही मुलांना काय काय आणायला लावतो. कारण किती वेळा सांगतो?

युद्धानंतर मोटारींच्या रंगासाठी ब्युटेनॉलला मागणी आली. वाइझमन 1952 मध्ये वारले. ब्युटेनॉल इंधन म्हणूनही चालतं, त्यामुळे आता अशा जिवाणूंचे प्रयोग पेंढा आणि उसाच्या चिपाडावर होतात. अडचण एकच, त्यातला सेल्युलोज या जिवाणूला थेट पचत नाही, आधी त्याची साखर करून द्यावी लागते.

ती साखर कोण करून देणार, असं त्याच मुलीने लगेच विचारलं. आता पुढच्या तासाला वाळवी आणि गाईचं पोट घ्यायचं ठरवलंय.