व्यसनमुक्तीची वाट घरापर्यंत नेणाऱ्या डॉक्टर

पुण्याच्या येरवडा भागात एकीकडे मध्यवर्ती कारागृह आहे, तर जवळच मनोरुग्णालय. १९८०च्या दशकात गर्दच्या आहारी गेलेल्या तरुणाच्या नशिबी बहुधा यांपैकी एक जागा यायची. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, अर्थात अशुद्ध हेरॉइन. चांदीच्या कागदावर तापवून त्याचा धूर ओढला की काही दिवसांत शरीर त्याचे गुलाम होते. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि सेवन करणाराही गुन्हेगार ठरला. अशा माणसाकडे रुग्ण म्हणून पाहणारी एक डॉक्टर त्याच मनोरुग्णालयात काम करत होती. त्या डॉ. अनिता अवचट, जवळच्यांच्या सुनंदा.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. तिथेच त्यांची अनिल अवचट यांच्याशी ओळख झाली आणि पुढे लग्न झाले. अनिल अवचटांनी डॉक्टरकी सोडून लेखन आणि सामाजिक कामाची वाट धरली, तेव्हा घर चालले ते अनिताताईंच्या सरकारी नोकरीवर. मनोविकारतज्ज्ञ म्हणून येरवड्याला त्यांच्यासमोर येणारे रुग्ण बहुतेक गरीब असत. त्यातले कितीतरी घरच्यांनी टाकून दिलेले असत. औषधाने बरा झालेला माणूसही घरात जागा नसली तर पुन्हा आजारी पडतो, हे त्या रोज पाहत होत्या.

याच काळात गर्दच्या व्यसनात अडकलेली मुले त्यांच्याकडे येऊ लागली. अनिल अवचटांनी या विळख्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी देणगी दिली आणि केंद्र सुरू करण्याचा आग्रह धरला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची घडी बसवली ती अनिताताईंनी.

गर्द थांबवल्यावर पहिले काही दिवस कठीण जातात. हाडे दुखतात, जुलाब-उलट्या होतात, नाक-डोळे वाहतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोचतो आणि साधारण आठवड्यात ओसरतो. नातेवाइकांना वाटते, मुलगा सुटला. प्रत्यक्षात शरीर मोकळे झालेले असते, मेंदूला लागलेली ओढ मात्र कित्येक महिने टिकते. जुना मित्र, ठरलेला कट्टा, घरातले भांडण, खिशात आलेला पगार, यांतले काहीही तिला जागे करू शकते.

म्हणून अनिताताईंनी उपचाराचा शेवट डिस्चार्जच्या कागदावर होऊ दिला नाही. काही आठवड्यांच्या मुक्कामात औषधाबरोबर व्यायाम, काम, गाणी, गटचर्चा आणि समुपदेशन असे. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच त्यांनी कार्यकर्ते म्हणून उभे केले, कारण नव्या रुग्णाची पळवाट त्यांना चटकन ओळखू येते. रुग्णांच्या पत्नींसाठी सहचरी गट सुरू झाला. घरी गेल्यावर पाठपुराव्याच्या बैठका असत आणि व्यसनाविना गेलेल्या वर्षाचा वाढदिवस साजरा होई. पुन्हा घसरलेल्या माणसाला केंद्राचे दार बंद नव्हते. मुळशीतल्या कोळवणसारख्या गावात परतलेल्या माणसाला तर हा धागा फारच मोलाचा. गावात सगळे ओळखतात, एकदा दारुड्या किंवा गर्दुल्ला म्हटले की तेच नाव चिकटते, आणि उपचार मात्र एसटीने तासन्‌तास दूर असतात.

सुटकेनंतरचा काळ किती धोक्याचा असतो, हे पुढे आकड्यांतही दिसले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचे प्रमाण तेथील इतर रहिवाशांच्या जवळपास १३ पट होते. सर्वांत मोठे कारण अमली पदार्थांचा अतिरेक. कैदेत किंवा केंद्रात नशा थांबली की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर येऊन जुन्या सवयीने तेवढाच डोस घेतला, तर श्वास थांबू शकतो. म्हणजे कोठडीतली सक्तीची बंदी हा उपचार नव्हे. उपचाराची साथ नसेल, तर तिच्यामुळेच बाहेरचा पहिला पंधरवडा जिवावर बेततो.

आपल्या कायद्यातही दुसरी वाट ठेवलेली आहे. कलम ३९ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला न्यायालय शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते. अशा गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर कलम ६४ अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. ही वाट अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते. वकील परवडत नाही, त्यांच्या मुलाच्या वाट्याला कोठडी येते. पैसेवाल्याचा मुलगा खासगी केंद्रात जातो.

कर्करोगाशी झुंजत असतानाही अनिताताई काम करत राहिल्या. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. मुक्तांगण पुढे स्वतःच्या इमारतीत गेले आणि त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे नेले.

घरातले कोणी केंद्रातून किंवा तुरुंगातून परतणार असेल, तर पहिले दोन आठवडे त्याला एकटे सोडू नये. पाठपुराव्याची तारीख आधीच ठरवून घ्यावी. माणूस हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील, तर त्याला कुशीवर वळवून १०८ला फोन करावा. पोलिसांच्या किंवा बदनामीच्या भीतीने वेळ घालवू नये. दवाखान्यात नॅलोक्सोनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले, तर असा माणूस वाचू शकतो.