सिल्वासाच्या वाटेवर बाबूजी

कै. सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांचे नाव निघाले की मराठी घरांत गीतरामायणच आठवते. त्यांचा जन्म २५ जुलै १९१९ चा, आपल्या कोल्हापुरातला. येथेच वामनराव पाध्ये यांच्यापाशी त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या आणि गाणे शिकवूनच पोट भरणाऱ्या मला मात्र त्यांच्या आयुष्यातील एक निराळे पान अधिक मोलाचे वाटते. ते पान १९५४ सालचे, दादरा-नगर हवेलीचे. आणि त्याचा विषय बंदूक हा आहे.

आपल्या जुन्या घराण्यांस बंदूक नवी नाही. दाजीपूरच्या रानात दरबारच्या शिकारी होत, तेव्हा कोणत्या जनावरास कोणते हत्यार, याचा विचार अगोदर करावा लागे. पाखरासाठी छऱ्याची बारा बोअर, सांबरासाठी मध्यम बोअरची रायफल, गव्यासाठी भारी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. रायफलीचे माप इंचात वा मिलिमीटरमध्ये सांगतात. तिच्या नळीतील पीळदार खाचांमुळे गोळी गरगरत जाते आणि नेम लांबवर टिकतो. शिकाऱ्यास अशी निवड करता येई, कारण त्याच्यापाशी परवाना, पैसा आणि सवड असे.

सिल्वासा घ्यावयास निघालेल्या तरुणांपाशी यांपैकी काहीच नव्हते. हत्यारांचा कायदा १८७८ चा, इंग्रजी अमदानीतलाच चालू होता. लष्करी बोअरची थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाच्या हाती येणे कठीण. समोर पोर्तुगीजांचे दीडशेच्या आसपास शिपाई. तेव्हा बोअर निवडण्याची गोष्टच नको. मिळेल ते हत्यार घ्यावयाचे, आणि त्यालाही पैसा हवा. तो उभा करण्याचे काम बाबूजींनी अंगावर घेतले. पुण्यास हिराबागेत लता मंगेशकर गायल्या, आणि गाण्याचा पैसा शस्त्रांच्या कामी आला.

येथेच ते थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. वय पस्तिशीचे, घरी पत्नी व लहान मूल, चित्रपटांत नाव झालेले, आणि गळा हीच सारी मिळकत. गवयास भर पावसाळ्यातील रानवाट म्हणजे काय, हे गाणाऱ्यांस सांगावयास नको. तरीही राजा वाकणकर, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्याबरोबर ते स्वतः मोहिमेत उतरले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. कॅप्टन फिदाल्गो शिपायांसह खानवेलकडे हटला होता. ११ ऑगस्टला तोही शरण आला. पेशवाईत, १७८३ साली, पोर्तुगीजांस दिलेला नगर हवेलीचा मुलूख असा परत आला.

त्यानंतर आठच महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. पोर्तुगालच्या तुरुंगात असलेल्या मोहन रानडे यांच्या सुटकेसाठीही बाबूजी पुढे झटले. रानडे १९६९ साली सुटले. २९ जुलै २००२ रोजी बाबूजी गेले.

विद्यार्थ्यांस गीतरामायण शिकविताना मी १९५५ च्या आधी १९५४ साल सांगतो. त्या सुरांतील संयम दुबळ्याचा नव्हे, हे त्यांना कळावे म्हणून.